सगळी उत्तरं चूक

“या माणसाच्या मनात काय चाललंय?” मी विचारलं.

कार्डावर नुसते डोळे होते. वर भुवया, खाली नाकाचा थोडा भाग, बाकी चेहरा कापलेला. त्याखाली चार शब्द : चिडलेला, कंटाळलेला, घाबरलेला, खूश. डोळे इतके घाबरलेले होते की पहिलीतल्या पोरानंही सांगितलं असतं.

मयूरीनं कार्ड हातात घेतलं, खिडकीकडे धरून नीट बघितलं आणि म्हणाली, “खूश.”

“नीट बघ.”

“बघितलं की ओ.”

“हा माणूस तुला खूश दिसतो?”

“हसतोय की.”

“तोंड कुठं दिसतंय त्याचं?”

“दिसत नाही म्हणूनच म्हटलं. खाली हसत असेल.”

मी कार्ड टेबलावर आपटलं आणि पुढचं काढलं. पुढच्या कार्डावरची बाई सरळसरळ रडायला आलेली होती. मयूरीच्या मते तिला कंटाळा आला होता. त्याच्या पुढचा माणूस रागानं फुटायला आला होता, तर त्याला म्हणे झोप येत होती. तिची ही दुसरी खेप होती आणि माझं डोकं ठणकायला लागलं होतं.

ही पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. मानसशास्त्रात एम.ए. करून मी कोल्हापुरात टिळवे बाईंच्या संशोधनावर मदतनीस म्हणून लागले होते. आईवडील जवळ नसलेल्या, किंवा असून नसल्यासारख्या असलेल्या मुलांना दुसऱ्याच्या मनातलं कितपत कळतं, हे बाईंना मोजायचं होतं. मोजायचं म्हणजे चक्क गुण द्यायचे. बाईंचा अंदाज असा की ज्या पोराच्या मनात घरातलं कुणी डोकावत नाही, त्याला दुसऱ्याच्या मनात डोकावायला जमत नाही. त्यासाठी त्यांनी विटा गाव निवडलं, आणि दर गुरुवारी एस.टी.नं धक्के खात तिथं जायचं काम माझ्याकडे आलं.

विटा का, तर तिथले लोक गलाईवाले. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचा धंदा. त्या धंद्यासाठी त्या भागातली माणसं पार मद्रासपासून कलकत्त्यापर्यंत पसरलेली आहेत. गावात कुटुंबं त्या गावांच्या नावानंच ओळखली जातात. हे मदुराईवाले, ते कानपूरवाले. बरेच जण पोराबाळांना बरोबर नेतात, तिकडंच वाढवतात. काही मात्र शाळेसाठी एखादं मूल गावी ठेवतात. मयूरी निकम सेलमवाल्यांची. आईवडील सेलमला, आणि ही इथं दहावीत.

कार्डांचंही एक रामायण होतं. आधी बाईंनी परदेशी फोटो आणले होते. पोरं म्हणायची, “मॅडम, गोऱ्या माणसाचं काय सांगावं?” मग बाईंनी आमच्याच विभागातल्या माणसांना खुर्चीत बसवून फोटो काढले. ग्रंथपाल, झेरॉक्सवाला, बाईंची नणंद. पण खाली शब्द कोणते, तर व्याकुळ, साशंक, उद्विग्न आणि निर्विकार. पहिल्याच दिवशी एका मुलानं मला विचारलं, “उद्विग्न म्हणजे काय ओ मॅडम?” मी म्हटलं, माझ्याकडे बघ. शब्द सोपे करून घेण्यासाठी मी बाईंशी महिनाभर भांडले, तेव्हा कुठं काम सुरू झालं.

आणि सुरू होतं न होतं तोच ही मयूरी.

तिचा पहिल्या खेपेचा कागद मुख्याध्यापक मगदूम सरांच्या हाती पडला होता. गुण शाळेला दाखवायचे, या अटीवरच त्यांनी परवानगी दिली होती. त्यांनी मला बोलावलं, मयूरीलाही बोलावून दारात उभं केलं आणि तिच्यादेखत म्हणाले, “बघा मॅडम. मी म्हणतच होतो. या पोरीला कळत नाही.”

“सर, ही अभ्यासाची परीक्षा नाही.”

“अभ्यासातही तेच आहे. आठवीपर्यंत बरी होती. नववीत घसरली. आता पहिल्या चाचणीत तीन विषय गेलेत. आपण हिचा दाखला काढू आणि सतरा नंबर भरू.”

सतरा नंबर म्हणजे शाळेतून नाव कमी करायचं आणि बाहेरून दहावीला बसायचं, त्याचा फॉर्म. शाळेच्या दारावर ‘दहावीचा निकाल शंभर टक्के’ असा फलक होता, आणि तो तसा का होता हे मला त्या दिवशी कळलं. जे पोर नापास होईलसं वाटायचं त्याला आधीच दाराबाहेर काढायचं. बाहेर गेलेली पोर पुन्हा पुस्तकाला हात लावते कुठं? वर्षा-दोन वर्षांत लग्न लावून मोकळे होतात.

“माझ्या कागदावरून तुम्ही असं काही ठरवू शकत नाही,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

सरांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. “वडिलांना बोलावून घे गं,” ते मयूरीला म्हणाले. “काका चालणार नाहीत. दरवेळी काकाच येतो. या वेळी वडील पाहिजेत, ते आल्याशिवाय मी पुढं काही करणार नाही.”

“हो सर,” मयूरी म्हणाली. बिनतक्रार, खाली मान घालून.

मी भांडून एवढंच मिळवलं की वडील येईपर्यंत मी दर गुरुवारी तिची पुन्हा चाचणी घ्यायची, आणि एकदा जरी बरी उत्तरं आली तरी सरांनी सतरा नंबरचा विषय सोडायचा. मला वाटलं, पोर बावरली असेल, पुढच्या खेपेला सुधारेल. पुढच्या खेपेला काय झालं ते वर सांगितलंच.

डोकं फिरायचं कारण हे की पोरगी बावळट अजिबात नव्हती. त्याच दिवशी कार्डं आवरताना ती मला म्हणाली, “आज तुमचं फोनवर कुणाशी तरी वाजलंय, होय ओ?”

खरंच वाजलं होतं. सकाळी टिळवे बाईंशी. “तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. तुम्ही आल्यापासून पेनाचं टोपण काढताय आणि लावताय.” मग थोडं थांबून, “आज सरांच्याकडं जाऊ नका काही मागायला. नाही म्हणतील.”

“कशावरून?”

“चष्मा पुसायला लागले की नाही म्हणायचं ठरलेलं असतं त्यांचं. मग कितीही बोला.”

मी तिच्याकडे बघतच राहिले. ज्या पोरीला टोपणावरून भांडण कळतं आणि चष्म्यावरून नकार कळतो, तिला रडणारी बाई कंटाळलेली दिसते? मला इतका संताप आला की मी तिला जायला सांगितलं आणि सरांकडे कपाट मागायला गेले. कार्डं ठेवायला कपाट हवं होतं. सरांनी चष्मा पुसत नाही म्हटलं.

पुढच्या गुरुवारी शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. घर कसलं, बंगला होता. दोन मजली, बाहेर संगमरवरी पाटी, दारात झोपाळा. खालच्या खोल्यांना कुलपं. मयूरीच्या वापरात वरची एक खोली होती. तिथं टीव्ही होता, टेबल होतं, नवी सायकल जिन्याखाली उभी होती. जेवायला शेजारी काकांच्या घरी जायचं. बाईंच्या कागदावर ‘मुलाच्या गरजा भागतात का’ या सदरात हिला पैकीच्या पैकी गुण पडले असते.

काकी बाहेर येऊन माझ्याशी बोलल्या. बाई वाईट नव्हत्या, पण त्यांच्याच घरात चार पोरं होती.

“तिचं काय बी नसतंय बघा,” त्या म्हणाल्या. “गप असती. हाक मारली तर येती, जेवती, जाती. काय मागणं न्हाई, काय रुसणं न्हाई. अशी पोरगी सांभाळायला काय जड हाय?”

“आईवडील कधी येतात?”

“दिवाळीला येत्यात की. हिच्या धाकट्या भावाला, ओमला, तिकडंच नेलाय, सेलमला. इंग्रजी शाळंत घातलाय. हिचं मराठीत झाल्यालं, मग ठेवली हितं. वक्तृत्वात पहिली आलती तवा बक्षीस घ्यायला आमचं मालक गेलतं.”

वर खोलीत आल्यावर मी मयूरीला विचारलं, “काकी चांगल्या आहेत?”

“चांगल्या आहेत की.”

“पोटभर जेवतेस ना?”

“हो. म्हणजे ताट कसं ठेवतात त्यावर आहे.” ती हसली. “जोरात ठेवलं की मी म्हणते, आज भूक नाही. मग त्यांनाही बरं वाटतं. हळू ठेवलं की जेवते.”

“आणि वडील फोन करतात?”

“रविवारी करतात. आधी बोलतात बरं. मग ‘हं, हं’ सुरू झालं की समजायचं गिऱ्हाईक आलंय. मग मीच म्हणते, ठेवते पप्पा, अभ्यास आहे.”

हे सगळं ती अगदी सहज सांगत होती, वर्गातल्या कुणाबद्दल बोलावं तसं. तरी मी पिशवीतून कार्डं काढली, कारण तेवढ्यासाठीच मी आले होते. तिनं सगळी उत्तरं चूक दिली.

विट्याच्या स्टँडवर कोल्हापूरची गाडी लागायला वेळ होता. कँटीनमध्ये चहा सांगून मी तिन्ही खेपांचे कागद पुढ्यात पसरले. बाकीच्या पोरांचेही होते. त्यात एक वांड मुलगा होता, कार्डाकडे न बघता खिडकीबाहेर बघत बोट ठेवायचा. त्याचीसुद्धा तीस कार्डांतली सात-आठ उत्तरं बरोबर होती. होणारच. चार शब्दांत एक बरोबर असतो, डोळे मिटून बोट ठेवलं तरी चारातलं एखादं लागतंच.

मयूरीचं एकही लागलेलं नव्हतं. तिन्ही खेपांत मिळून एकही नाही.

चहा तसाच निवला. एकही उत्तर चुकून बरोबर येऊ नये, यासाठी माणसाला सगळी बरोबर उत्तरं माहीत असावी लागतात. ही पोरगी प्रत्येक कार्ड नीट वाचत होती आणि जे दिसलं ते सोडून दुसरं सांगत होती.

मी तिथल्या तिथं बाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मग वगळून टाक तिला. अशी एखादी निघतेच. आपल्याला आकडे स्वच्छ पाहिजेत.”

“बाई, पण ती असं का करतेय?”

“तो आपल्या संशोधनाचा प्रश्न नाही, वैजयंती.”

मी फोन बंद केला आणि भर स्टँडवर एक शिवी हासडली. शेजारच्या बाकावरचे म्हातारबुवा चपापून सरकून बसले.

चौथ्या गुरुवारी मी कार्डं काढलीच नाहीत. शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघी समोरासमोर बसलो होतो.

“तू मुद्दाम चुकतेस,” मी म्हटलं.

तिनं दप्तर मांडीवर ओढलं.

“मयूरी, मला कळलंय. तुला सगळं बरोबर येतं. तुझ्याइतकं या शाळेत कुणालाच येत नाही. चाचणीत तीन विषय गेलेत, तेही तसेच घालवलेस ना?”

ती नखानं टेबलाचा सनमायका खरवडत राहिली.

“अगं, शाळेतून काढतील तुला! सतरा नंबर म्हणजे काय, माहितेय ना?”

“माहितेय.”

“मग का?” शेवटी माझ्याच मनात जे घोळत होतं ते मी बोलून टाकलं. “मी यायची बंद होईन म्हणून? उत्तरं बरोबर आली की या मॅडम पुन्हा येणार नाहीत, म्हणून?”

तिनं मान वर केली. माझ्या चेहऱ्याकडे थोडा वेळ बघितलं. मग हळूच म्हणाली, “हो.”

मला भरून आलं. एवढ्या मोठ्या बंगल्यात एकट्या राहणाऱ्या पोरीला गुरुवारचा माझा तास हवासा वाटतो, या कल्पनेनं मी विरघळले. तिचा हात धरून तिला वचन दिलं की निकाल काहीही लागो, मी येत राहीन. पत्ता दिला, फोन नंबर दिला. “आता बरोबर उत्तरं देशील ना?”

“हो मॅडम.”

मी खुशीत कार्डं काढली. घाबरलेले डोळे तिनं पुन्हा खूश ठरवले.

मी काय काय बोलले ते आता आठवत नाही. खुर्ची मागं सारून उठले आणि तिच्यावर ओरडले एवढं खरं. ती शांतपणे ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, “पप्पा येणार आहेत पुढच्या गुरुवारी. सरांनी फोन केला होता. पप्पा स्वतः बोलले.”

आणि हे सांगताना मी पहिल्यांदाच तिचे डोळे चमकलेले बघितले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वक्तृत्वात पहिली आली, बक्षीस मिळालं, तरी काका आले. सही लागली, तरी काका आले. पोर नापास व्हायला लागली, तिच्या डोक्यात काही दोष आहे अशी शंका आली, तेव्हा कुठं मगदूम सरांनी वडीलच पाहिजेत म्हटलं. सर जे बोलतात ते कधी पाळतात आणि कधी नाही, हेही तिला कळत असणार. मी दर गुरुवारी तिला वाचवायला जात होते, आणि तिला वाचायचंच नव्हतं. आणि मला ती ‘हो’ म्हणाली होती, ते मला ऐकायचं होतं म्हणून.

पुढच्या गुरुवारी भानुदास निकम खरंच आले. सेलमहून बंगळुरू, तिथून रात्रभर ट्रॅव्हल्सनं कराड, तिथून विटा. पांढरा शर्ट चुरगळलेला, डोळे तारवटलेले. मी त्यांच्यावर तोंड टाकायच्या तयारीनं गेले होते, पण माणूस समोर आल्यावर जमेना. त्यांनी मयूरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “वाळलीस की गं.” मयूरी त्यांच्या अगदी जवळ उभी होती. खांदा खांद्याला लागेल इतकी.

“मम्मी नाही आली?” तिनं विचारलं.

“ओमची परीक्षा हाय गं. तुझ्यासाठी तिकडची चकली, मुरुक्कू दिलाय डबा भरून.”

मगदूम सरांच्या खोलीत आम्ही चौघं बसलो. सरांनी सगळं सांगितलं. निकमांचा चेहरा उतरत गेला. “म्हणजे डोक्यात काही हाय म्हणता?” त्यांनी मला विचारलं.

“तसं काही नाही. तुम्ही स्वतःच बघा,” मी म्हटलं. मी ठरवलं होतं की चाचणी त्यांच्यासमोर घ्यायची, तिला चुकू द्यायचं, आणि मग या माणसाला समोर बसवून सांगायचं की तुमची मुलगी का चुकते. सतरा नंबरचं नंतर सरांशी काय भांडायचं ते भांडू.

मी पहिलं कार्ड धरलं. मयूरीनं चूक सांगितलं. दुसरंही चूक, तिसरंही. सर माझ्याकडे ‘बघितलंत?’ अशा नजरेनं बघत होते. निकम पुढं वाकून कार्डाकडे बघत होते.

“अगं, ती बाई रडतीय की,” ते न राहवून म्हणाले. “तुला दिसत न्हाई?”

मयूरीनं नकारार्थी मान हलवली.

निकमांनी रुमालानं कपाळ पुसलं. “मग आता काय करायचं? डॉक्टरला दाखवायला लागंल काय सांगलीला?”

“काही दिवस तुम्ही तिच्याजवळ राहिलात तर,” मी म्हटलं, “बराच फरक पडेल. हे मी जबाबदारीनं सांगतेय.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मुलीकडे. “राहतो की मग,” ते म्हणाले. “पोरीपेक्षा दुकान मोठं हाय काय? राहतो. पंधरा दिवस राहतो.”

मला उठून नाचावंसं वाटलं. मयूरीचे कान लाल झाले होते.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते खिडकीशी जाऊन तमिळमध्ये बोलायला लागले. मयूरीला तमिळ येत नव्हतं, मलाही नाही. आधी ते मोठ्यानं बोलले, मग हळू, मग पुष्कळ वेळ नुसते ऐकत राहिले. शेवटी मुलीकडे पाठ करून एक-दोन शब्द बोलले आणि फोन ठेवला. परत येऊन बसले तेव्हा चेहऱ्यावर हसू होतं.

“काय नाही, दुकानचा होता,” ते म्हणाले. “पोरं नवी हायती. घ्या मॅडम, तुमचं चालू द्या. मी हाय.”

मयूरी त्यांच्याकडे बघत होती. मी कार्ड धरलं होतं, पण ती कार्डाकडे बघतच नव्हती. वडिलांच्या डोळ्यांकडे बघत होती. बराच वेळ. मग ती कार्डाकडे वळली.

“घाबरलेला,” ती म्हणाली.

मी चमकले. बरोबर होतं. मी पुढचं धरलं.

“चिडली आहे, पण दाखवत नाही.”

बरोबर. पुढचं.

“याला लाज वाटतेय.” पुढचं. “हिला संशय आलाय.” पुढचं. “याला इथनं जायचंय.” मी कार्ड नीट धरायच्या आधीच तिची उत्तरं तयार होती. आवाज एकसुरी, पाढे म्हणावेत तसा. एकही चुकलं नाही. कार्डं संपली.

“बघा!” निकम एकदम मोठ्यानं हसले. खुर्चीत मागं रेलले. “सगळं येतंय की! आधी घाबरली असंल पोरगी. हो का नाही गं?”

“हो पप्पा.”

“चाचणीतले विषय?” सर म्हणाले.

“काढते सर मी. सहामाहीला काढते.”

“मग काय सर? काय सतरा नंबर बिंबर नाही ना?”

सरांचाही नाइलाज झाला. शब्द दिला होता. “नाही नाही. अभ्यास करू दे म्हणावं.”

निकमांनी घड्याळ बघितलं. “मग मी असं करतो मयूरी, आज संध्याकाळी कराडातनं गाडी हाय, ती गाठतो. दिवाळीला हायेच की आपली. चालंल ना?”

माझा संयम सुटला. “अहो निकम, थांबा. तुम्हाला कळतंय का, हिनं आधीची उत्तरं का...”

“मॅडम,” मयूरी म्हणाली.

एवढंच म्हणाली. पण अशा नजरेनं माझ्याकडे बघितलं की माझं वाक्य अर्धंच राहिलं. ती मला विनवत होती, आणि मी काय बोलणार आहे ते तिला शब्दन् शब्द ठाऊक होतं. मी तोंड मिटलं. आजही मला कळत नाही की मी तिथं बोलायला हवं होतं की नाही, आणि आजही त्या माणसावरचा माझा राग गेलेला नाही. वाईट माणूस नव्हता तो, म्हणून जास्तच येतो.

फाटकाशी माणसं भरून नेणारी वडाप जीप आली. निकम चढले, मुलीला हात केला. जीप वळेपर्यंत मयूरी हसऱ्या चेहऱ्यानं उभी होती. मग हसू उतरलं. मुरुक्कूचा डबा तिच्या काखेत होता.

“राहतो म्हणाले होते ते,” मी म्हटलं. “स्वतः म्हणाले होते. का दिलीस बरोबर उत्तरं?”

“राहिले असते,” ती म्हणाली. “पण त्यांना राहायचं नव्हतं ओ. तिकडं काहीतरी अडलंय दुकानात. आणि मला काही झालं असेल, याची भीती वाटत होती त्यांना. राहिले असते तर रोज तसेच बसले असते, हसून.” तिनं डबा दुसऱ्या काखेत घेतला. “म्हटलं, जाऊ देत.”

“आणि तू? तुला काय वाटतंय आत्ता?”

हा प्रश्न मी तिला तोवर एकदाही विचारला नव्हता. पाच गुरुवार मी तिला सगळ्या जगाच्या मनात काय चाललंय ते विचारत होते.

“मला?” ती गोंधळली. पहिल्यांदाच तिच्याकडे उत्तर नव्हतं. चूकही नव्हतं आणि बरोबरही नव्हतं. तिनं रस्त्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, आणि मग सवयीनं माझ्या चेहऱ्याकडे बघायला लागली. बारकाईनं, एकेक रेघ वाचत. तिच्या मनात काय चाललंय ते माझ्या तोंडावर कुठंतरी लिहिलेलं असेल, असं बघत होती ती. मला रडू फुटायला आलं होतं आणि ते मी कसंबसं दाबून धरलं होतं.

तिला ते दिसलं.

“बरं वाटतंय मॅडम,” ती घाईनं म्हणाली. “खरंच. खूप बरं वाटतंय.”